सिटीत किती, हायवेला किती? दोन गाड्यांच्या ॲव्हरेजची खरी तुलना

शोरूममध्ये ‘ॲव्हरेज किती?’ म्हणून विचारलं की एक आकडा मिळतो. गाडी वापरणाऱ्याला विचारलं की दोन मिळतात: ‘सिटीत बारा, हायवेला अठरा.’ यात कुणी खोटं बोलत असेलच असं नाही. पण सकाळी साडेनऊला वाकडहून हिंजवडीत शिरणारी गाडी आणि दुपारी दोनला सांगलीत फिरणारी गाडी दोन्ही ‘सिटीत’च असतात, आणि एकाच मॉडेलच्या या दोन गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये सहज चार-पाच किलोमीटरचा फरक पडतो. म्हणून पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याने एक सवय लावून घ्यावी. ॲव्हरेजचा कुठलाही आकडा सरासरी वेगासोबतच लिहायचा, आणि तसाच मागायचा. ‘बारा’ नव्हे, तर ‘ताशी १७ च्या सरासरीने बारा’.

पायरी १ : आधी स्वतःचं रनिंग मोजा

गाड्यांकडे नंतर बघू. सध्या जी गाडी किंवा दुचाकी आहे तिच्यावर महिनाभर दोन गोष्टी टिपा: शहरात किती किलोमीटर झाले, आणि त्याला किती वेळ लागला. मीटरच्या एमआयडीवर (डॅशबोर्डवरचा छोटा स्क्रीन) सरासरी वेग दिसत असेल तर ट्रिप ‘ए’ (हवं तेव्हा शून्य करता येणारा किलोमीटरचा मीटर; गाडीत बहुधा ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन असतात) शून्य करून फक्त ऑफिसच्या फेऱ्यांसाठी ठेवा. तसा स्क्रीन नसेल तर घड्याळ आणि ओडोमीटर पुरेत. १४ किलोमीटरला ५० मिनिटं लागली, म्हणजे ताशी सुमारे १७.

ढोबळ मानाने ताशी १५ च्या खाली म्हणजे कोंडी, १५ ते २५ म्हणजे मोठ्या शहरातलं नेहमीचं ट्रॅफिक, २५ ते ३५ म्हणजे मोकळं शहर किंवा तालुक्याचं गाव, आणि ५५ च्या वर गेलात तर हायवे. ताशी १५ च्या खाली इंजिन बराच वेळ जागेवर घरघरत असतं. १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन एसी लावून उभ्या उभ्या तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पितं आणि एकही किलोमीटर देत नाही. एसीचा खर्च तासावर असतो, किलोमीटरवर नाही. ताशी ८० ला तो ८० किलोमीटरमध्ये वाटला जातो, ताशी १५ ला पंधरामध्येच. ‘एसीने ॲव्हरेज पडतं का’ या वादात दोन्ही बाजू बरोबर असतात त्या यामुळेच.

आणखी एक टीप लिहून ठेवा: एक फेरी किती लांबीची असते? मुलांना शाळेत सोडून तीन किलोमीटरवर परत, अशा फेऱ्या जास्त असतील तर इंजिन नीट गरम होण्याआधीच बंद होतं. थंड इंजिनाला जास्त इंधन लागतं. असं रनिंग असेल तर कुठल्याही गाडीचा प्रसिद्ध झालेला सिटीचा आकडा तुम्हाला मिळणार नाही.

पायरी २ : ब्रोशरचा आकडा कशासाठी वापरायचा

सगळे त्याला ‘एआरएआय मायलेज’ म्हणतात. एआरएआय ही गाड्यांच्या चाचण्या करणारी पुण्यातली संस्था १९६६ सालची, पण चाचण्या फक्त तिथेच होतात असं नाही, मानेसरच्या आयकॅट या चाचणी केंद्रातही होतात. चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलर्सवर उभी करून १,१८० सेकंदांचा ठरावीक कार्यक्रम चालवतात. पहिली ७८० सेकंदं शहरी चाल, उरलेली ४०० सेकंदं शहराबाहेरची. कमाल वेग ताशी ९०, वेग वाढवणं अगदी हळुवार, एसी बंद. दोन्ही भाग मिळून एकच आकडा छापला जातो, त्यामुळे सिटी-हायवे वेगळं काढायची सोय ब्रोशरमध्ये नाही.

या आकड्याचा सर्वांत मोठा घोळ टर्बो पेट्रोलमध्ये होतो (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा). २०२४ च्या क्रेटाचे कंपनीचे आकडे बघा: साधं १.५ पेट्रोल मॅन्युअल १७.४, त्याच इंजिनाचं आयव्हीटी (एक प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) १७.७, आणि १६० पीएस ताकदीचं टर्बो डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) १८.४. कागदावर सगळ्यांत ताकदवान इंजिन सगळ्यांत काटकसरी! रोलर्सवर पाय इतका हलका असतो की टर्बोला जागं व्हायची वेळच येत नाही. प्रत्यक्ष सिग्नल-टू-सिग्नल चालवताना हा क्रम बहुतेकदा उलटा होतो.

घाईत अंदाज हवाच असेल तर ब्रोशरच्या आकड्याचे ५५ ते ६५ टक्के दाट सिटीत, आणि ताशी ८०-९० च्या संथ हायवेवर ८० ते ९० टक्के धरा. २०२४ च्या स्विफ्ट मॅन्युअलचा आकडा २४.८ आहे. तिथे सिटीत १४ ते १६ मिळाले तर गाडीत बिघाड शोधत बसू नका.

परदेशी रिव्ह्यू बघताना एकक तपासा. अमेरिकेतला १ एमपीजी (मैल प्रति गॅलन) म्हणजे ०.४२५ किमी प्रति लिटर, ब्रिटनचा गॅलन मोठा असल्याने तिथला १ एमपीजी म्हणजे ०.३५४. अमेरिकेत गाडीच्या काचेवरच्या स्टिकरवर सिटी, हायवे आणि एकत्रित असे तीन आकडे असतात आणि ते आपल्या आकड्यांपेक्षा वास्तवाच्या बरेच जवळ जातात. त्यामुळे तिथल्या स्टिकरची इथल्या ब्रोशरशी थेट तुलना करू नये.

पायरी ३ : टाकी ते टाकी, पण नीट

एमआयडीवरचं ॲव्हरेज पाच-दहा टक्के फुगवून दाखवणं अगदी नेहमीचं आहे, आणि प्रत्येक गाडी वेगळं फुगवते. म्हणून दोन वेगवेगळ्या गाड्यांचे एमआयडी आकडे शेजारी ठेवू नयेत. मोजायची पद्धत जुनीच:

१. टायरमधली हवा थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. वीस किलोमीटर पळवून आणलेल्या टायरमध्ये दाब तीन-चार पीएसआय जास्त दिसतो, आणि पंपावरचा पोऱ्या तेवढी हवा काढून टाकतो.
२. पंपावर पहिल्या ऑटो-कटला थांबा. ट्रिप मीटर शून्य करा. पावतीवरचे लिटर दोन दशांशांपर्यंत टिपा.
३. किमान ३५० ते ४०० किलोमीटर चालवा.
४. त्याच पंपावर, जमल्यास त्याच नोझलला, गाडी त्याच दिशेने उभी करून पुन्हा पहिल्या ऑटो-कटपर्यंत भरा.
५. ट्रिपचे किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर.

यातल्या तिसऱ्या मुद्द्यात, म्हणजे किलोमीटर चालवण्यात, बहुतेकजण घाई करतात. ऑटो-कट कधी अर्धा लिटर आधी पडतो, कधी अर्धा लिटर नंतर. आठ लिटरच्या फेरीत ही चूक सहा टक्क्यांच्या वर जाते, पस्तीस लिटरच्या फेरीत दीड टक्क्यावर येते. शंभर किलोमीटर चालवून काढलेल्या ‘२२.७’ मधल्या दशांशाला काहीच अर्थ नसतो. तीन टाक्या सलग मोजा आणि सगळे किलोमीटर भागिले सगळे लिटर असा हिशेब करा. तीन ॲव्हरेजची सरासरी काढू नका.

‘अजून थोडं बसेल साहेब’ म्हणत गळ्यापर्यंत भरू देऊ नका. टाकीतली वाफ पकडणाऱ्या कोळशाच्या डब्यात द्रव पेट्रोल गेलं की तो डबा खराब होतो, आणि मापही बिघडतं. सकाळी पेट्रोल भरलं की जास्त मिळतं, हा व्हॉट्सॲपवरचा सल्ला मात्र सोडून द्या. दहा अंशांच्या फरकाने पेट्रोलचं आकारमान जेमतेम एक टक्का बदलतं, आणि पंपाची टाकी जमिनीखाली असल्याने तेवढाही फरक दिवसभरात पडत नाही.

टायर मोठे टाकलेले असतील तर ओडोमीटर कमी किलोमीटर मोजतो. हायवेवर जीपीएसने ५० किलोमीटर ताडून बघा. ओडोमीटरने ४८ दाखवले तर हिशेबातले किलोमीटर ५०/४८ ने गुणा.

नवी गाडी असेल तर पहिली हजार-दीड हजार किलोमीटर मोजमापाच्या भानगडीत पडू नका.

पायरी ४ : सिटी आणि हायवे वेगळे करणं

उत्तम मार्ग म्हणजे एक टाकी निव्वळ शहरात आणि एक निव्वळ हायवेला. पुणेकरांना कोल्हापूरची फेरी सोयीची. खेड शिवापूरच्या आसपासच्या पंपावर भरायचं, कोल्हापूरला जाऊन त्याच पंपावर परत यायचं. चारशेच्या आसपास किलोमीटर होतात, खंबाटकी घाट दोन्ही दिशांनी पार होतो आणि पुण्यातलं ट्रॅफिक मोजमापात येत नाही.

जाऊन-येऊन मोजणं का महत्त्वाचं, ते एक्सप्रेसवेवर कळतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, नवी मुंबई जवळजवळ समुद्राच्या पातळीला. चार माणसांसकट १,४०० किलोची गाडी तेवढी वर चढवायला सुमारे ७७ लाख ज्यूल ऊर्जा लागते. इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोचवतं असं धरलं तर नुसत्या चढाचा खर्च जवळपास एक लिटर होतो. मुंबईहून पुण्याला येताना हा लिटर वर द्यावा लागतो, उतरताना त्यातला काही भाग परत मिळतो. ‘एक्सप्रेसवेला पंचवीस दिलं!’ असं कुणी म्हटलं तर कुठल्या दिशेने, एवढंच विचारा.

हायवेच्या आकड्यासोबत वेगही लिहा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो: ८० वरून १०० ला गेलात की दीडपटीहून थोडा जास्त, १२० ला सव्वादोनपट. समृद्धीवर १२० ची परवानगी आहे आणि रस्ताही मोकळा, त्यामुळे ताशी ९० ला २० देणारी गाडी तिथे १५ वर आली तर ते पूर्ण साहजिक आहे. उंच, चौकोनी एसयूव्हीला याचा फटका जास्त बसतो, खालच्या बांध्याच्या सेदानला कमी. रिकामा रूफ कॅरिअरही हायवेलाच खातो, सिटीत त्याचा पत्ता लागत नाही. पावसाळ्यात साचलेलं पाणी चिरत जाताना ॲव्हरेज घसरतं, म्हणून दोन गाड्यांची मोजणी शक्यतो एकाच ऋतूत करा.

निव्वळ टाक्या जमत नसतील तर शाळेतलं गणित काढा. समजा एका टाकीत ३०० किमी सिटी आणि १०० हायवे झाले, ३० लिटर लागले. दुसरीत १०० सिटी आणि ३०० हायवे, २२ लिटर. दुसरं समीकरण तिपटीने वाढवून पहिलं वजा केलं की ८०० हायवे किलोमीटरला ३६ लिटर उरतात, म्हणजे हायवेला २२.२. मग पहिल्या टाकीतून हायवेचे साडेचार लिटर काढले की ३०० सिटी किलोमीटरला साडेपंचवीस लिटर राहतात, म्हणजे ११.८. दोन्ही टाक्यांतलं सिटी-हायवेचं प्रमाण असं ठळक वेगळं हवं. ६०:४० आणि ५०:५० अशा टाक्या घेतल्या तर ऑटो-कटची छोटी चूकही उत्तराचा पार विचका करते.

पायरी ५ : दोन आकड्यांतून आपला एक आकडा

इथे जवळजवळ सगळे चुकतात. सिटीत १२, हायवेला १८, रनिंग अर्धं-अर्धं, तर एकूण १५ नाही. १०० किमी सिटीला ८.३३ लिटर, १०० हायवेला ५.५६, एकूण २०० किलोमीटरला १३.८९ लिटर, म्हणजे १४.४. वाईट आकडा नेहमी जास्त ओढतो.

म्हणून तुलना शंभर किलोमीटरला किती लिटर अशी करा. ॲव्हरेज १० वरून १२ झालं तर शंभर किलोमीटरला १.६७ लिटर वाचतात. २० वरून २५ झालं तर एकच लिटर. दोनचा फरक पाचच्या फरकापेक्षा मोठा ठरतो. सिटीत ९ देणारी गाडी सोडून ११ वाली घेणं हे हायवेला २० ऐवजी २३ मिळवण्यापेक्षा खूप जास्त फायद्याचं असतं. जाहिराती आणि चर्चा मात्र सगळ्या वरच्या आकड्यांच्या.

आता महिन्याला ६०० किमी सिटी आणि ४०० हायवे असं रनिंग धरू. आकडे हिशेबापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९० रुपये.

– छोटी १.२ पेट्रोल मॅन्युअल, सिटी १३, हायवे २० : ६६.२ लिटर, सुमारे ६,९५० रुपये
– टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक एसयूव्ही, सिटी ९, हायवे १५ : ९३.३ लिटर, ९,८०० रुपये
– डिझेल मॅन्युअल एसयूव्ही, सिटी १३, हायवे १९ : ६७.२ लिटर, सुमारे ६,०५० रुपये
– स्ट्राँग हायब्रिड एसयूव्ही (पेट्रोल इंजिनासोबत गाडी एकटीने ओढू शकणारी विजेची मोटर), सिटी २०, हायवे २० : ५० लिटर, ५,२५० रुपये

टर्बो आणि हायब्रिडमध्ये महिन्याला ४,५५० रुपयांचा फरक. हायब्रिड तीन लाखांनी महाग असेल तर साडेपाच वर्षांत वसूल. पण रनिंग महिन्याला २०० सिटी आणि ३०० हायवे एवढंच असेल तर फरक १,८०० रुपयांवर येतो आणि वसुलीला चौदा वर्षं लागतात. पायरी १ आधी का करायची, ते इथे दिसतं. गाड्यांचा क्रम तुमच्या रनिंगवर ठरतो.

पायरी ६ : इंधन वेगळं असेल तर फक्त रुपये

सीएनजी किलोत मोजतात. एका किलो सीएनजीत साधारण दीड लिटर पेट्रोलच्या जवळपास ऊर्जा असते, त्यामुळे स्विफ्ट सीएनजीचा ३२.८५ हा किलोमागचा आकडा पेट्रोलच्या २४.८ शेजारी ठेवून ‘सीएनजीवर इंजिन जास्त देतं’ असं म्हणता येत नाही. रुपये प्रति किलोमीटर काढा. शिवाय बऱ्याच सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. छोट्या फेऱ्यांत हे पेट्रोल जाणवण्याइतकं लागतं, त्याचीही वेगळी वही ठेवा. टाटाच्या सीएनजी गाड्या थेट गॅसवर सुरू होतात. आणखी एक अडचण म्हणजे पंपावरचा दाब: २०० बारपर्यंत भरला नाही तर सिलिंडर ‘फुल’ होऊनही गॅस कमी बसतो. म्हणून एका भरण्यावर विसंबू नका, दहाएक पावत्यांचे किलो आणि किलोमीटर एकत्र करा.

पेट्रोलबाबत जुन्या नोंदींपासून सावध राहा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. २० टक्के मिश्रणात हा तोटा शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्क्यांवर जातो, आधीच्या १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत त्याच्या निम्मा. २०२० साली कुणी लिहून ठेवलेलं ॲव्हरेज आणि आजचं तुमचं ॲव्हरेज यांच्यात एवढा फरक इंधनाचाच आहे.

डिझेलला लिटरमागे मुळातच जास्त ऊर्जा असते आणि उभ्या गाडीत ते कमी जळतं, त्यामुळे सिटीतही त्याचं ॲव्हरेज चांगलं दिसतं. तरीही निव्वळ कोंडीतल्या छोट्या फेऱ्यांसाठी बीएस-६ डिझेल घेऊ नये. डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) साठलेली काजळी जाळायला गाडीला सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने पळावं लागतं. ते झालं नाही की गाडी जास्त डिझेल ओतून पुन्हा पुन्हा सफाईचा प्रयत्न करते, ॲव्हरेज पडतं आणि शेवटी दिवा लागून सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं.

कुठलं इंजिन कुठे उजवं

स्ट्राँग हायब्रिडचा फायदा शहरातच. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत जाते आणि कोंडीत इंजिन बंद असतं. मोकळ्या हायवेवर ब्रेकच लागत नाही, त्यामुळे तिथे फरक आटतो. ग्रँड विटाराच्या २०२२ च्या आकड्यांत स्ट्राँग हायब्रिड २७.९७ आणि माइल्ड हायब्रिड मॅन्युअल २१.११ होतं. ही दरी सिटीत आणखी रुंदावते, ताशी १०० ला अरुंद होते. ‘माइल्ड’ या नावावर मात्र भाळू नका, त्यातल्या छोट्या मोटरने इंजिनाला जेमतेम थोडी मदत होते.

एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच-गिअर यंत्र बदलतं) मॅन्युअलच्या बरोबरीने किंवा किंचित जास्त देते. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक) सिटीत थोडं खातं, क्रेटा डिझेलच्या आकड्यांतच मॅन्युअल २१.८ आणि ऑटोमॅटिक १९.१ आहे. छोट्या इंजिनाच्या पाच गिअरवाल्या गाड्या ताशी १०० ला तीन हजारांच्या आसपास आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ओरडतात, म्हणून सिटीत चांगलं देणारी हॅचबॅक एक्सप्रेसवेवर अपेक्षेपेक्षा कमी देते. टेस्ट ड्राइव्हला ताशी ८० आणि १०० ला टॉपच्या गिअरमधला आरपीएम फक्त वाचून घ्या.

इलेक्ट्रिक गाडीत सगळं उलटं: सिटीत रेंज जास्त, हायवेला कमी. तिचं माप घरच्या मीटरवरून घ्या, गाडीच्या स्क्रीनवरून नाही, कारण चार्जिंगमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास वीज वाटेतच जाते आणि बिल तिचंही येतं.

दुसऱ्यांचे आकडे तपासताना

डेमो गाडीची वीस मिनिटांची फेरी ॲव्हरेजसाठी निरुपयोगी असते. त्यापेक्षा तिच्या एमआयडीवरचं दीर्घ मुदतीचं ॲव्हरेज आणि सोबतचा सरासरी वेग बघा. डेमो गाडी दिवसभर एसी लावून उभी असते, त्यामुळे तो आकडा तिचा तळ समजा. वापरलेली गाडी घेताना ट्रिप ‘बी’ उघडा. ती हजारो किलोमीटरची असेल तर मालकाच्या शब्दापेक्षा जास्त सांगते: ॲव्हरेज ११ आणि सरासरी वेग १६ असेल तर गाडी ठणठणीत आहे, ॲव्हरेज ११ आणि सरासरी वेग ४० असेल तर विचारपूस करा. अशा वेळी मागचे ड्रम गरम होतात का, हँडब्रेक अडकलेला आहे का, अलाइनमेंट आणि टायरची झीज कशी आहे, थर्मोस्टॅट बदललाय का, या क्रमाने पाहायला मेकॅनिकला सांगा.

ओळखीच्याकडून आकडा मागताना पाच प्रश्न पुरतात: टाकी ते टाकी की एमआयडी, सरासरी वेग किती, एसी सुरू होता का, किती माणसं होती, आणि किती लिटरच्या हिशेबावर. पाचवं उत्तर ‘पाचशे रुपयांचं टाकलं होतं’ असं आलं तर वहीत काही लिहू नका.